उंच केलेली जीप का थरथरते?

जुन्या सरकारी जीपमधून ज्यांनी कधी आडरस्त्याचा प्रवास केला असेल, त्यांना ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी असलेल्या तीन दांड्या आठवत असतील. विलीज कंपनीच्या या जीपची जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे ही गाडी खेड्यापाड्यांत फिरत राहिली. तीनपैकी लांब दांडी नेहमीच्या गिअरची. शेजारच्या दोन आखूड दांड्या मात्र बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षे कुणी हलवलेल्या नसत. क्वचित नदीच्या पात्रात गाडी रुतली की ड्रायव्हर खाली वाकून त्या ओढी, आणि गाडी एखाद्या म्हशीच्या संथपणे पण तितक्याच निश्चयाने बाहेर येई. लहानपणी मला हा जादूचाच प्रकार वाटे.

या दोन दांड्या ज्या पेटीतून निघतात तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्याबद्दल लिहावे असे वाटण्याचे कारण माझा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याजवळ २००५ सालची जीप रँग्लर आहे, आणि खडकाळ डोंगरवाटांवर ती चढवण्याचा त्याला छंद आहे. खडकांना पोट घासू नये म्हणून त्याने स्प्रिंगा बदलून गाडी चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर, उंच केली आणि मोठे टायर बसवले. त्यानंतर त्याचा फोन आला. "मामा, ताशी ऐंशीच्या पुढे गेलं की अख्खी गाडी थरथरते. चाकं तपासली, टायर तपासले, काही सापडत नाही. गॅरेजवाला म्हणतो ट्रान्सफर केसचं शेपूट कापायला हवं, शाफ्ट बदलायला हवा. गाडी उंच केली तर शाफ्टचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो शाळेच्या भूमितीत व त्रिकोणमितीत आहे. पण आधी त्या पेटीकडे पाहू.

दोन कामांची एक पेटी

इंजिनाची गती प्रथम गिअरबॉक्समध्ये जाते. साध्या गाडीत ती तिथून एका लांब फिरत्या नळीमार्फत, म्हणजे शाफ्टमार्फत, मागच्या आसाकडे जाते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिचे पहिले काम गती वाटण्याचे : एक शाफ्ट मागे, एक पुढे. दुसरे काम, हवे तेव्हा, गती आणखी कमी करण्याचे.

चाक किंवा दांडा फिरवणाऱ्या जोराला पाठ्यपुस्तकात बल-आघूर्ण म्हणतात, गॅरेजमध्ये टॉर्क. या लेखात मी त्याला सरळ पीळ म्हणेन. गिअरने गती जितक्या पट कमी होते तितक्याच पट पीळ वाढतो, कारण शक्ती म्हणजे पीळ गुणिले कोनीय वेग, आणि घर्षणातली गळती सोडली तर शक्ती तेवढीच राहते. भाच्याच्या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.४६ आहे. ट्रान्सफर केसचे 'लो' गुणोत्तर २.७२, आणि आसातील क्राऊन-पिनियनचे त्याने ४.१ करून घेतलेले. तिन्हींचा गुणाकार जवळपास ५०. म्हणजे इंजिनाचे पन्नास फेरे झाले की चाकाचा एक. याच रँग्लरची रुबिकॉन नावाची आवृत्ती २००३ साली आली. सिएरा नेवाडा पर्वतातल्या एका प्रसिद्ध खडतर वाटेचे हे नाव. तिच्यात ट्रान्सफर केसचे गुणोत्तर २.७२ ऐवजी ४ होते. ही पेटी भाच्याच्या गाडीत बसवली तर तोच गुणाकार ७३ होईल.

'म्हणजे दीडपट ताकद!' असे हौशी मंडळी म्हणतात. इथे थोडे थांबून हिशोब करायला हवा, कारण ही समजूत अर्धवट आहे.

गाडीचे वजन १,६०० किलो धरू, चाकाची त्रिज्या ४० सेंटिमीटर. कोरड्या खडकावर रबराचा घर्षणांक फार तर १ च्या आसपास. म्हणजे चारही टायर मिळून जमिनीला जास्तीत जास्त १,६०० × ९.८ = सुमारे १५,७०० न्यूटन इतकाच रेटा देऊ शकतील. त्यापलीकडे ते जागच्या जागी घसरतील. त्रिज्येने गुणले तर चाकांवरचा पीळ होतो ६,३०० न्यूटन-मीटर. आसाचे गुणोत्तर ४.१ असल्याने शाफ्टवर तो १,५०० च्या थोडा वर भरतो. आता इंजिनाकडून पाहा. या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा महत्तम पीळ सुमारे ३२० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरच्या ४.४६ ने गुणला की ट्रान्सफर केसच्या मदतीशिवायच १,४०० च्या वर! टायरांना जेवढे पेलते तेवढे इंजिन साध्या पहिल्या गिअरमध्येही जवळजवळ देऊ शकते. मग 'लो' हवा कशाला?

उत्तर वेगात आहे. इंजिनाचा तो ३२० चा आकडा मिनिटाला ३,२०० च्या आसपास फेरे होत असतानाचा आहे. साध्या पहिल्या गिअरमध्ये तेवढे फेरे ठेवायचे तर गाडी ताशी २६ किलोमीटरने धावेल. गुडघाभर उंचीच्या दगडांवरून ताशी २६ म्हणजे गाडीचे आणि मणक्याचे दोन्हीचे विसर्जन. हळू जायचे म्हणून क्लच अर्धवट दाबून धरावा तर तो जळतो. उलट इंजिन नुसते मंद, मिनिटाला ७०० फेऱ्यांवर ठेवले तर गाडी साध्या पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला १.६ मीटर जाते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. २.७२ च्या 'लो'मध्ये सुमारे ६० सेंटिमीटर आणि ४ च्या 'लो'मध्ये ४० सेंटिमीटर. खडकांवर पुढे एक जण पायी उलटा चालत हाताने खुणा करतो, त्याच्या पावलाइतका हा वेग. उतारावर तर याचा उपयोग दुहेरी. बंद ॲक्सिलरेटरवर इंजिन जो विरोध करते तोही त्याच पटीने वाढून चाकांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे ब्रेक तापत ठेवण्याची गरज राहत नाही. तेव्हा ट्रान्सफर केसचे गुणोत्तर वाढवणे हे ताकद विकत घेणे नसून मुख्यत्वे सावकाशी विकत घेणे आहे.

शिक्षकांना वर्गात रंगवून सांगता येईल असा एक भाग या पेटीच्या पोटात आहे. 'लो'ची गती सूर्यमालेसारख्या रचनेतून मिळते : मधोमध एक सूर्यचक्र, भोवती फिरणारी ग्रहचक्रे, आणि सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले कडे. कडे पेटीला घट्ट बसवायचे, सूर्याला फिरवायचे आणि ग्रहांना धरून ठेवणाऱ्या चौकटीकडून गती घ्यायची. अशा वेळी गुणोत्तर येते १ अधिक कड्याचे दाते भागिले सूर्याचे दाते. २.७२ हवे तर कड्याचे दाते सूर्याच्या १.७२ पट. ४ हवे तर तिप्पट, आणि मग गंमत अशी की ग्रह अगदी सूर्याएवढा होतो. विद्यार्थ्यांना कंपासने काढून पाहू द्या : मोठ्या वर्तुळात मधले वर्तुळ एकतृतीयांश व्यासाचे, की उरलेल्या फटीत तेवढेच वर्तुळ बसते. पण यातच अडचण आहे. पेटीचे, म्हणजे पर्यायाने कड्याचे, माप फारसे वाढवता येत नाही. तेव्हा सूर्यच लहान करावा लागतो, जवळजवळ पावणेदोन पट लहान. तोच पीळ लहान त्रिज्येवर पेलायचा म्हणजे दातांवरचा भार तितकाच वाढला. म्हणूनच ४ गुणोत्तराची भक्कम पेटी महाग असते. स्वस्त मिळाली तर तिच्या दातांची चौकशी करावी.

सांधा आणि सूर्यघड्याळ

आता थरथरीकडे वळू. ट्रान्सफर केस गाडीच्या सांगाड्याला जखडलेली असते, मागचा आस मात्र स्प्रिंगांवर खालीवर होतो. दोघांना जोडणारा शाफ्ट ताठ असून चालणार नाही. त्याच्या दोन्ही टोकांना वाकता येईल असा सांधा लागतो. गॅरेजमध्ये याला युनिव्हर्सल जॉइंट किंवा नुसता क्रॉस म्हणतात. समोरासमोर दोन बेचकी, एक आडवे, एक उभे, आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती कार्डानो, तिसऱ्या घाताची समीकरणे सोडवणारा, याचे नाव या सांध्याला चिकटले आहे. इंग्लंडात तो हूकचा सांधा म्हणून ओळखला जातो. स्प्रिंगच्या नियमाचा आणि वनस्पतीच्या पेशींचा हाच तो रॉबर्ट हूक.

या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूचा दांडा अगदी एकसारखा फिरवला, तरी दुसऱ्या बाजूचा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पूर्ण फेऱ्याचा हिशोब मात्र बरोबर जुळतो. सूत्र सोपे आहे : दुसऱ्या दांड्याच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे पहिल्याच्या कोनाची स्पर्शज्या गुणिले सांध्याच्या वाकाची कोज्या.

हे सूत्र पाहून कुणाला काही आठवले का? जमिनीला समांतर तबकडीच्या सूर्यघड्याळाचे सूत्र हेच आहे. तिथे सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश अशा एकसारख्या गतीने फिरतो, पण तबकडीवरची सावली तशी फिरत नाही. सावलीच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे सूर्याच्या होराकोनाची स्पर्शज्या गुणिले त्या गावाच्या अक्षांशाची ज्या. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश, त्याची ज्या ०.३१७. करून पाहा : माध्यान्हानंतरच्या पहिल्या तासात सावली पाच अंशही सरकत नाही, आणि पाच ते सहा या तासात मात्र तब्बल चाळीस अंश धावते. हे साधर्म्य हूकच्या लक्षात आले होते. १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरील पुस्तिकेत त्याने या सांध्याचे वर्णन केले, आणि सूर्यघड्याळाच्या रेषा आखायला तो वापरता येतो हेही दाखवले. मोटारीला अजून दोनशे वर्षे अवकाश होता.

प्रयोगाला फार साहित्य लागत नाही. पान्यांच्या पेटीत वाकता सांधा येतो, तो कुठल्याही गॅरेजमधून तासभर मागून आणता येईल. त्याच्या दोन्ही टोकांना अंश आखलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या लावा. दोन्ही दांडे टेबलावर आडवे, सांधा ४० अंशांत वाकलेला. जो दांडा आपण फिरवणार त्याच्या बेचक्यातली क्रॉसची भुजा उभी ठेवा आणि तो ४५ अंश फिरवा. दुसरी चकती साडेसदतीस अंशच फिरलेली दिसेल. भुजा आडवी ठेवून सुरुवात केली, तर तेवढ्याच फिरवण्याला ती साडेबावन्न फिरेल. नव्वदला दोन्ही पुन्हा बरोबर. मुलांना सूत्र आधी सांगू नये. आधी मोजू द्यावे.

मग सगळ्याच गाड्या का थरथरत नाहीत? कारण एका सांध्याची खोड दुसरा सांधा काढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे वाक सारखे ठेवले आणि शाफ्टवरची दोन्ही बेचकी एकाच पातळीत बसवली, की पहिल्या सांध्याने जितके पुढे ढकलले तितकेच दुसरा मागे खेचतो. मधला शाफ्ट अडखळत फिरतो, पण आसाकडे जाणारी गती एकसारखी असते. म्हणूनच शाफ्ट सोडवून पुन्हा बसवताना मिस्त्री आधी खडूने खूण करून ठेवतो. ती खूण चुकली तर दोन खोडी एकमेकींना काढण्याऐवजी एकमेकींत मिळतात.

पण मधला शाफ्ट अडखळतोच आहे, हे विसरू नका. त्याचे हे मागेपुढे होणे, म्हणजे त्याचे कोनीय त्वरण, वाकाच्या वर्गाच्या आणि वेगाच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाक दुप्पट तर हिसका चौपट. वेग दुप्पट तर पुन्हा चौपट.

दहा सेंटिमीटरची किंमत

आता भाच्याची गाडी. रँग्लर मुळात आखूड, आणि तिचा मागचा शाफ्ट तर फारच आखूड, साधारण अर्ध्या मीटरचा. हिशोबासाठी धरू की ट्रान्सफर केसचे टोक आणि आसाचे टोक यांत आडवे अंतर ५० सेंटिमीटर, उंचीतला फरक १२ सेंटिमीटर, आणि ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारा दांडा आडवा. शाफ्टचा उतार साडेतेरा अंश. गाडी दहा सेंटिमीटर उंच केली की सांगाडा वर गेला, आस जिथे होता तिथेच. फरक झाला २२ सेंटिमीटर, उतार जवळजवळ चोवीस अंश. दीड मीटर लांब शाफ्टच्या ट्रकला हेच दहा सेंटिमीटर फक्त चारएक अंशांना पडले असते. आखूड गाडीला ते दहा अंशांना पडले.

चोवीस अंशांच्या वाकात मधला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा नऊ टक्के पुढे धावतो आणि दोनदा आठ टक्के मागे पडतो. हिसका पूर्वीच्या तिप्पट. ताशी ८० च्या वेगाला हा शाफ्ट सेकंदाला ३६ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ७२ हिसके. भाच्याला जी घरघर ऐकू येत होती आणि आसनातून जाणवत होती ती हीच. शिवाय उंच केल्यावर आस धरून ठेवणाऱ्या भुजांचे कोनही बदलतात, आस थोडा स्वतःभोवती फिरतो, आणि दोन टोकांचे वाक सारखे राहत नाहीत. मग जे परस्पर फिटायचे ते पूर्ण फिटत नाही, आणि थरथर आसापर्यंत पोहोचते. चाके आणि टायर तपासून त्याला काही सापडले नाही यात नवल नाही.

दुसरी गोष्ट पायथागोरसची. ५० आणि १२ चा कर्ण ५१.४, ५० आणि २२ चा ५४.६. म्हणजे शाफ्ट सव्वातीन सेंटिमीटर लांब व्हायला हवा. ही सोय रँग्लरच्या २३१ क्रमांकाच्या मूळ ट्रान्सफर केसमध्ये अशी आहे : पेटीला मागे एक लांब शेपूट आहे, त्यातून खाचा पाडलेला दांडा बाहेर येतो, आणि शाफ्टचे पुढचे बेचके त्या खाचांवर म्यानासारखे मागेपुढे सरकते. गाडी उंच केली की म्यान तेवढे बाहेर ओढले जाते, पकड कमी होते, आणि एखादे चाक खड्ड्यात लोंबकळले की आणखी बाहेर. या रचनेचा दुसरा तोटा रानात कळतो. शाफ्ट तुटला आणि काढून टाकला, तर त्या उघड्या तोंडातून पेटीतले तेल वाहून जाते. पुढची चाके धडधाकट असूनही त्यांच्या जोरावर घरी येता येत नाही.

स्वस्तातला उपाय म्हणजे ट्रान्सफर केस आणि सांगाडा यांत ठोकळे घालून पेटीच खाली उतरवायची. कोन कमी होतो, थरथर बऱ्यापैकी थांबते. पण ज्यासाठी गाडी उंच केली ती पोटाखालची जागाच पुन्हा गमावली. हा उपाय मला पायजमा लांब झाला म्हणून उंच टाचेचे जोडे घेण्यासारखा वाटतो.

गॅरेजवाला शेपूट कापायला सांगत होता ते याऐवजी. पेटी उघडून आतला लांब दांडा काढतात आणि आखूड दांडा बसवतात. त्याच्या टोकाला न सरकणारे, पक्के बेचके असते, आणि सरकण्याची सोय आता शाफ्टच्याच अंगात असते. शेपूट गेल्यामुळे दहा-बारा सेंटिमीटर मोकळे होतात आणि तेवढा लांब शाफ्ट बसतो. आपल्या हिशोबात आडवे अंतर ५० चे ६२ झाले, की उतार चोवीसवरून साडेएकोणीस अंशांवर येतो. दहा-बारा सेंटिमीटर लांबी म्हणजे फार नव्हे, पण आखूड त्रिकोणात ती पुष्कळ काम करते. शाफ्ट तुटलाच तर काढून गाडीत टाका. पेटीचे तोंड बंद राहते आणि पुढच्या चाकांवर घरी येता येते. रुबिकॉनच्या ४ गुणोत्तराच्या पेटीत कंपनीने मुळातच पक्के बेचके दिले होते.

यावर आणखी एक सुधारणा : पेटीकडच्या टोकाला एकाऐवजी दोन सांधे पाठीला पाठ लावून, मध्ये त्यांना समान वाकायला लावणारी एक गोळी. साडेएकोणीस अंश दोघांत वाटले गेले, प्रत्येकाला दहाच्या आत. दोघांचे वाक सारखे, म्हणून एकाची खोड दुसरा तिथल्या तिथे काढतो आणि मधला शाफ्ट एकसारखा फिरू लागतो. पण मग आसाकडच्या टोकाला उरलेल्या एकट्या सांध्याची खोड काढायला कुणी नाही. त्याला वाकूच द्यायचे नाही! म्हणून आसाचे तोंड वर करून शाफ्टच्या सरळ रेषेत आणावे लागते. तेही अगदी रेषेत नाही, एक-दोन अंश खाली, कारण पीळ बसला की आसाचे नाक वर उचलले जाते आणि मग ते रेषेत येते. हे तोंड न फिरवता नुसता दुहेरी सांध्याचा शाफ्ट बसवून 'एवढे पैसे घातले तरी थरथर आहेच' म्हणणारे पुष्कळ आहेत. भाचाही आधी त्यांच्यातलाच होता.

तुटायचे तर कुठे?

थरथर गेली. आता ४ गुणोत्तराची पेटी बसवावी का, असे त्याने विचारले. इथे वरचा टायरांचा हिशोब पुन्हा काढावा लागतो.

टायर घसरतो तोवर शाफ्ट सुरक्षित असतो. टायर ही या साखळीतली सुटणारी गाठ आहे. चढावर पुढची चाके हलकी झाली आणि सगळे ओझे मागे आले तरी मागच्या शाफ्टवर फार तर तो १,५०० चा पीळ येईल. पण चाक दोन खडकांच्या सापटीत अडकले, तर हिशोब घर्षणाचा राहत नाही. चाक घसरूच शकत नाही. मग इंजिन जेवढे देईल तेवढे सगळे शाफ्टवर येते : २.७२ च्या पेटीत जवळजवळ ३,९०० न्यूटन-मीटर, ४ च्या पेटीत ५,७००. दुसरा धोका हवेत भिरभिरणाऱ्या चाकाचा. ते एकाएकी खडकाला टेकले की फिरत्या वस्तुमानाचा सगळा संवेग क्षणात थोपवला जातो, आणि तो धक्का इंजिनाच्या आकड्यात बसत नाही. तिसरा प्रकार तर इंजिनाशिवायचा. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते, मातीत ती थोडी घसरून जमवून घेतात. कोरड्या डांबरावर 'फोर बाय फोर' लावून वळत राहिले, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळत जातात.

पीळ साखळीतून जातो आणि सर्वांत कच्च्या कडीला गाठतो. बहुधा ती सांध्यातला क्रॉस असते. तो जाड घेतला, तर पुढची कच्ची कडी आसातला दांडा. तो भक्कम केला, तर क्राऊन-पिनियनचे दाते. प्रत्येक सुधारणा मोडतोड थांबवत नाही, ती फक्त पुढच्या घरी पाठवते. त्यामुळे जाणकार लोक एक कडी मुद्दाम कच्ची ठेवतात, घरातल्या विजेच्या फ्यूजसारखी. क्रॉस स्वस्त असतो, पिशवीत मावतो, आणि हातोडी-पान्याने रस्त्याकडेला बदलता येतो. डिफरन्शियल तसे नाही. भाच्याला मी हेच सांगितले : ४ ची पेटी सावकाशीसाठी घे, पण क्रॉस आहे तेवढाच ठेव, दोन जास्तीचे बाळग, आणि चाक अडकले की पायाने जोर देण्याऐवजी खाली उतरून दगड बाजूला कर.

आपल्याकडेही उंच केलेल्या गाड्या आता दिसतात. त्यांच्या मालकांनी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी वाचावे. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यावर त्यात बंधने आहेत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती ठासून सांगितली आहेत.

जुन्या विलीज घराण्यातली जीप ज्यांनी हौसेने जपली आहे, त्यांच्यासाठी मात्र एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. भाच्याच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, शाफ्ट जिथे सुरू होतो तिथेच असे. रचना हुशारीची, कारण तिथे धरलेला थोडा पीळ आसाच्या गुणोत्तराने वाढून चाकांना मिळतो. पण तो चाकांपर्यंत पोहोचतो शाफ्टमधूनच. चढावर गाडी उभी असताना शाफ्ट सोडवला, किंवा क्रॉस तुटला, तर हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही मागची चाके मोकळी असतात. अशा गाडीखाली शिरण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि ते लावले आहेत हे दुसऱ्याला विचारून नव्हे, स्वतः पाहून.